वाचकांचे प्रश्न : ओबोच्या आधी चाकू

दोन अंकांपूर्वी मी आमच्या घरच्या सनईवर लिहिलं होतं. त्यात जाता जाता एक वाक्य आलं, की फौजेच्या बँडमध्ये मी 19 वर्षं ओबो वाजवला. सनईबद्दल चार पत्रं आली आणि ओबोबद्दल तेवीस. त्यांतली काही इथं घेतो.

ज्यांनी ओबो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दीड हाताची काळ्या लाकडाची नळी, अंगावर चांदीसारख्या चकचकीत चाव्यांचं जाळं, आणि वर तोंडाशी सनईसारखीच दोन पात्यांची पत्ती. कूळ दोघांचं एकच. युरोपात आपल्या सनईसारखं शॉम नावाचं दणदणीत वाद्य होतं. सतराव्या शतकात, फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारातल्या कारागिरांनी त्याचा आवाज आवरला, बांधा तीन तुकड्यांचा केला, आणि त्यातून ओबो घडला.

आमची मुलगी आठवीत आहे. चार वर्षं पेटी शिकली. मोबाइलवर ओबो ऐकला आणि आता तिला ओबोवादकच व्हायचं आहे. घरात संगीतातलं कुणी नाही. कोल्हापुरात राहून हे जमेल का, खर्च किती येईल, आणि पुढं पोट भरेल का? (एक आई, राजारामपुरी)

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो तुम्ही भीत भीत विचारलाय, पण खरा प्रश्न तोच आहे.

मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात नुसती पहिली व्हायोलिनंच 14 ते 16 असतात. ओबोवाले दोन, तीन, फार तर चार. त्यातलाही एक जण बहुधा कोर आंग्ले वाजवतो, म्हणजे ओबोचं खर्जाकडं झुकलेलं थोरलं भावंड. आणि माणूस एकदा खुर्चीवर बसला की सहसा उठत नाही. मार्सेल ताब्युतो 1915 साली फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात पहिल्या ओबोच्या खुर्चीवर बसले, ते 1954 साली उठले. एक खुर्ची 39 वर्षं भरलेली. तेवढ्या काळात किती चांगली पोरं दुसरीकडं वळली असतील, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

जागा निघाली तर ऑडिशन. बऱ्याच ठिकाणी निदान पहिल्या फेरीत वादक पडद्याआड वाजवतो, म्हणजे ऐकणाऱ्यांना चेहरा, वय, देश काही कळू नये. मोत्सार्टच्या सी मेजर ओबो कॉन्चेर्टोचा (कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य पुढं आणि ऑर्केस्ट्रा साथीला) पहिला भाग बहुतेक हटकून मागतात. त्याच्यामागून ऑर्केस्ट्रातल्या रचनांचे नेमके तुकडे: चायकोव्स्कीच्या चौथ्या सिंफनीची संथ धून, रोसिनीची जिभेची परीक्षा बघणारी धावती ओळ, रावेलचं वळणावळणाचं काम. काही मिनिटांत "थँक यू" ऐकू येतं. दहा-बारा वर्षांची मेहनत त्या मिनिटांत तोलली जाते.

आपल्याकडं मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेची सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 साली सुरू झाली. तिच्यातही बरेच वादक बाहेरच्या देशांतून येतात. फौजेचे बँड आहेत, माझा संसार त्यांच्यावरच झाला. हवाई दलाच्या अग्निवीरवायू म्युझिशियन भरतीत वाद्यांच्या यादीत ओबो असतो आणि अलीकडं ती मुलींनाही खुली झाली आहे. पण ती नेमणूक चार वर्षांची. पुढं थोड्यांनाच ठेवून घेतात. एकूण सांगायचं तर नुसत्या खुर्चीवर पोट भरणारे ओबोवादक जगातही थोडेच. बाकीचे शिकवतात, पत्त्या करून विकतात, रेकॉर्डिंगला जातात, एकेका कार्यक्रमापुरते बोलावले जातात. हे सगळं मिळून घर चालतं. हलाखीत राहतात असं नाही, पण महिन्याच्या एक तारखेला ठरलेले पैसे येतील ही खात्री नसते. हे तिला आजच सांगा. तेरा वर्षांच्या पोरीला हे समजतं.

आता कोल्हापुराचं. वय योग्य आहे. पुढचे पक्के दात आले पाहिजेत, कारण वरचा आणि खालचा दोन्ही ओठ दातांवर दुमडून त्यांच्या गादीवर पत्ती धरायची असते. बोटंही भोकांपर्यंत पोचायला हवीत. इथं ओबो शिकवणारी संस्था माझ्या पाहण्यात नाही. आठवड्याचा धडा ऑनलाइन आणि महिन्यातून एकदा रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, असं दोन वर्षं करता येईल. पण ओठांची ठेवण पडद्यावरून दुरुस्त होत नाही; तेवढ्यासाठी गुरू समोर बसलेलाच हवा. एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या लंडनच्या संस्थांच्या आठ ग्रेडच्या परीक्षा देत राहावं, म्हणजे आपण कुठं आहोत ते कळतं. बारावीनंतर व्यवसायच करायचा ठरला तर बाहेर जावं लागेल. जर्मनीत बहुतेक राज्यांच्या सरकारी संगीत विद्यालयांत शिक्षणशुल्क नसतं किंवा नाममात्र असतं. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सहामाहीला 1500 युरो भरावे लागतात. राहण्या-खाण्याचा खर्च आपला, आणि जर्मन भाषा आलीच पाहिजे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये 1928 पासून कुणाकडूनच शिक्षणशुल्क घेत नाहीत. पण एका वेळी ओबोचे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात.

वाद्याचा खर्च सगळ्यात आधी टोचतो. विद्यार्थ्याचा बरा ओबोसुद्धा लाखाच्या वर जातो आणि व्यावसायिक दर्जाचा कित्येक लाखांना पडतो. माझा आग्रह आहे, पहिला ओबो लाकडी घेऊ नका, रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या कृत्रिम पदार्थाचा घ्या. चांगला ओबो ग्रेनेडिला नावाच्या आफ्रिकी लाकडाचा असतो. ते इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि तरी चिरतं. दिल्लीच्या एका जानेवारीत मी नवा लाकडी ओबो थंडीत बाहेर काढला आणि तो अंगात ऊब धरायच्या आधीच जोरात फुंकायला लागलो. आतून गरम ओली हवा, बाहेरून बोचरी थंडी. वरच्या तुकड्याला चावीच्या भोकापासून केसाएवढी रेघ गेली. आवाज करून गेली, मी ऐकली. नवं लाकूड रोज पंधरा मिनिटं वाजवून हळूहळू मुरवायचं असतं, हे मला शिकवलेलं होतं. घाई माझीच. ती रेघ पुढं बुजवली, वाद्य चाललं, पण त्या तुकड्यावर हात फिरवताना मला आजही वाईट वाटतं.

आणि ताई, ओबो घेण्याच्याही आधी एक करा. तिला एक दिवस पत्तीच्या कामाला बसवा. का, ते पुढच्या उत्तरात सांगतो. तीन तास बसून एक पत्ती बिघडवल्यावर तिनं दुसरी काडी मागितली, तर या पोरीला अडवू नका.

ओबोची पत्ती फ्रान्समधल्या नळाची करतात असं ऐकलं. आमच्या मळ्याच्या कडेला, नदीच्या काठानं तसलाच नळ माजलेला असतो. तो चालणार नाही का? (एक शेतकरी, प्रयाग चिखली)

तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण हाच प्रश्न घेऊन मी तीन हिवाळे नदीकाठ हिंडलोय.

पत्तीचा नळ अरुंडो डोनॅक्स जातीचा. ही जात आपल्याकडंही उगवते. पण वादक शतकानुशतकं ज्यावर भरवसा ठेवत आले, तो फ्रान्सच्या दक्षिणेला, व्हार प्रांतात, समुद्राजवळच्या कोरड्या वाऱ्यावर वाढतो. हिवाळ्यात तोडतात, उन्हात फिरवून फिरवून वाळवतात, मग वर्ष-दोन वर्षं मुरू देतात. ओबोला लागतो तो जेमतेम 10 ते 11 मिलिमीटर जाडीचा. आपल्या काठचा नळ पुराच्या पाण्यावर आणि गाळावर पोसतो, त्यामुळं भराभर वाढतो आणि अंगानं मऊ राहतो. मी पहिल्या वर्षी तोडलेल्या नळाच्या पत्त्या सुंदर दिसल्या आणि वीस मिनिटांत ओल्या पुठ्ठ्यासारख्या बसल्या. दुसऱ्या वर्षी बांधावरचा, पाणी कमी मिळालेला नळ घेतला. त्यातल्या दोन पत्त्या बोलल्या. एक तर चार दिवस टिकली. तिसऱ्या वर्षीच्या अजून माळ्यावर मुरताहेत. तुमच्या मळ्यात वरच्या अंगाला, मुरमाड जागेत बारीक नळ असेल तर या पौष-माघात चार काड्या तोडून सावलीला ठेवा. मी येऊन बघेन.

पत्ती होते कशी, तेही सांगतो. नळ उभा चिरून तीन फाका करायच्या. प्रत्येक फाक आतून कोरत कोरत मध्यावर साधारण 0.6 मिलिमीटरपर्यंत आणायची. पाण्यात भिजवायची, साच्यावर धरून कडा कापायच्या, मधोमध दुमडायची आणि 47 मिलिमीटर लांबीच्या, खाली बूच लावलेल्या पितळी नळीवर दोऱ्यानं आवळून बांधायची. वरची घडी कापली की दोन पाती मोकळी होतात. इथपर्यंत हात बसला की कुणालाही येतं. पुढं चाकू.

दोन पात्यांच्या मधे पोलादाची पातळ जीभ सरकवायची आणि वरून खरवडायचं. टोक इतकं पातळ करायचं की उजेडाला धरलं तर पलीकडचा उजेड दिसावा. त्याखाली थोडा जाड गाभा ठेवायचा, त्यातून आवाजाला अंग येतं. युरोपात खरवड आखूड ठेवतात. अमेरिकेत ताब्युतोंच्या परंपरेनं लांब खरवडतात आणि मागं दोन खिडक्या काढतात. मग नुसती पत्ती ओठांत घेऊन फुंकायची. ती कावळ्यासारखी ओरडते. इंग्रजीतही त्या आवाजाला कावळ्याचंच नाव आहे. लांब खरवडीच्या पत्तीत त्या ओरडण्यात दोन सप्तकांतला एकच सूर एकदम ऐकू आला, की पत्ती जमत आली. चाकूचा एक हात जास्त फिरला तर दोन तासांचं काम केरात. माझ्या दहांपैकी दोन-तीन पत्त्या कार्यक्रमाच्या लायकीच्या निघतात आणि त्याही रोज वाजवल्या तर दोन आठवड्यांत थकतात. म्हणून व्यावसायिक ओबोवादक जेवढा वेळ वाद्याला देतो, जवळपास तेवढाच चाकूला देतो. तयार पत्ती परदेशातून मागवली तर एकेक दीड-दोन हजारांना पडते. आणि आपल्या ओठांना, आपल्या गावच्या हवेला ती बेतलेली नसते. मुंबईत छान वाजणारी पत्ती माझ्याकडं आली की हट्ट करते. आषाढात पाती फुगून तोंड उघडतं, मार्चच्या वाऱ्यात आवळतं. कोल्हापुरात चार ऋतूंच्या चार तऱ्हेच्या पत्त्या मी करतो.

एक गोष्ट मात्र आपल्या गावात जगातल्या कुठल्याही गावाइतकी चांगली मिळते. पितळी नळीला आकार द्यायचा पोलादी दांडा मी उद्यमनगरातल्या एका लेथवर करून घेतला. कारागिरानं माझा परदेशी नमुना कॅलिपरनं मोजला, दोनदा मान हलवली आणि संध्याकाळी हातात दिला. आजवर तोच वापरतोय. चाव्यांच्या सुया आणि स्प्रिंगा गुजरीतल्या एका सोनारानं बसवून दिल्या.

आमचा आज्जा अंबाबाईच्या देवळात सनईला बसायचा. त्याच्या पत्त्या कमरेच्या डबीत. मी लहानपणी एकदा त्यातली एक दातांनी चावली, तेव्हा तो ओरडला नाही. शेजारी बसवलं आणि म्हणाला, "पत्ती म्हंजे तान्हं लेकरू हाय बघ. त्येला बोलता येत न्हाई, आपुनच वळकायचं." ओबो हातात आला तेव्हा शिकवणारे आमचे बँडमास्तर इंग्रजीत हेच बोलले.

मी 21 वर्षांचा आहे. घरची सनई, लग्नसराईत वाजवतो. ओबो मला सोपा जाईल का? (गडहिंग्लज)

तुला एकेरीच लिहितो, कारण मी तुझ्या वयाचा, तुझ्याच वाटेवरचा होतो.

दोन गोष्टी तुझ्याकडं आयत्या आहेत. दुहेरी पत्ती ओठांना माहीत आहे, आणि दमसास आहे. गालात हवा धरून नाकानं श्वास ओढायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही, हे आपण पोरवयात शिकतो. हाइन्झ होलिगरसारख्या थोर ओबोवादकानं हीच युक्ती ओबोवर चालवून दाखवली, तेव्हा तिकडं तिचं मोठं नवल झालं.

आता अडचण ऐक. पचमढीला फौजेच्या संगीताच्या शिक्षणाला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी मी ओबो सनईसारखा फुंकला आणि अर्ध्या मिनिटात डोळ्यांपुढं काजवे चमकले. सनईची पत्ती रुंद, हवा भसाभस जाते. ओबोच्या पत्तीचं तोंड एवढंसं. तिथं श्वास संपत नाही, उलट छातीत साठून राहतो. शिळी हवा आधी बाहेर टाकायची आणि मगच नवी घ्यायची. हे दोन टप्पे सुरावटीत कुठं बसवायचे, ते पेन्सिलीनं कागदावर लिहून ठेवावं लागतं. पहिले तीन महिने मी फक्त हेच केलं.

दुसरं, मींड. सनईवर बोट अर्धं सरकवून, ओठ सैल करून आपण सूर हवा तसा वाकवतो. ओबोवर चाव्या आहेत. सूर ठरल्या जागी उभा राहिला पाहिजे आणि शेजारच्या बासरीशी, क्लॅरिनेटशी जुळला पाहिजे. माझ्या प्रत्येक सुराला सुरुवातीला खालून येण्याची खोड होती. ती आपल्याकडची शोभा, तिकडं दोष. तिसरं, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत. ते वर्षभरात येतं, भिऊ नकोस.

सनई सोडू नकोस एवढं मात्र मनापासून सांगतो. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी लग्नमंडपातल्या आणि देवळातल्या या वाद्याला मैफलीत नेऊन बसवलं, 2001 साली भारतरत्न मिळवलं. त्या वाटेवर अजून माणसं कमी आहेत. दोन्ही वाजवायचं तर ओठ वेगवेगळे ठेवायला शिकावं लागतं. मी सकाळी सनई आणि संध्याकाळी ओबो असा नेम केला होता, मधे चार तासांची फट ठेवून.

ऑर्केस्ट्रा सुरू होण्याआधी सगळे ओबोवरूनच सूर का लावतात? (इचलकरंजी)

ऑर्केस्ट्रा घडत होता तेव्हा व्हायोलिनांच्या जोडीला आलेल्या पहिल्या फुंकवाद्यांत ओबो होता, हे एक. दुसरं, त्याचा आवाज गर्दीतून सुईसारखा आरपार जातो. तिसरं म्हणजे पत्ती एकदा बांधली की ओबोला आपला सूर फारसा वर-खाली करता येत नाही, म्हणून बाकीच्यांनीच त्याच्याकडं यायचं. तो 'ए' देतो, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. ठरलेलं माप सेकंदाला 440 कंपनं. युरोपात बरेच ऑर्केस्ट्रा 442-443 ठेवतात. हल्ली ओबोवाला समोर यंत्र ठेवून तपासून सूर देतो. आपल्याकडं गवय्याच्या गळ्याप्रमाणं तंबोरे लागतात, तिकडं शंभर माणसं एका पत्तीप्रमाणं लागतात. तो सूर द्यायची वेळ आली की 19 वर्षांत एकदाही माझी छाती धडधडली नाही असं झालं नाही.

एवढं फुंकून डोक्यावर, डोळ्यांवर परिणाम होतो का? (शाहूपुरी)

ओबोवाले वेडे होतात असा जुना समज युरोपात होता. त्यात तथ्य नाही. पण जोर लावून फुंकताना डोळ्यांतला दाब तेवढ्यापुरता वाढतो, हे खरं आहे. काचबिंदू असेल किंवा घरात कुणाला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. जास्त त्रास उजव्या अंगठ्याला होतो, वाद्याचा भार त्याच्यावर असतो. गळ्यातला पट्टा पहिल्या दिवसापासून वापरा.

माझं वय 74. शिकायचं नाही, नुसतं ऐकायचं आहे. पहिल्यांदा काय ऐकू? (एक आजी, मंगळवार पेठ)

आजी, ब्राम्स यांचा व्हायोलिन कॉन्चेर्टो ऐका. 1879 च्या पहिल्या दिवशी लाइपझिगमध्ये तो पहिल्यांदा वाजला. पूर्ण ऐकायचा नसेल तर दुसरा भाग लावा, तो संथ आहे. नातवाला सांगून व्हिडिओच लावून घ्या. रचना व्हायोलिनची, पण त्या भागाची सगळी धून आधी ओबो म्हणतो, अगदी सावकाश, दोनेक मिनिटं. पहाटे देवळात काकड्याच्या वेळची सनई तुम्ही ऐकली असेल, तिची आठवण होईल. आणि तेवढा वेळ मुख्य व्हायोलिनवादक वाद्य हातात धरून, मान खाली घालून, ऐकत उभा असतो. त्याच्याकडंही बघा.